नऊ नंबरचा रकाना

घडले ते असे:

१. गुरुवार, २ जुलै. दुपारी तीन वाजता अवयवदान समितीपुढे माझी आणि माझ्या आत्याची मुलाखत झाली. मी माझे डावे मूत्रपिंड तिला द्यावे, असा अर्ज होता.

२. अर्जातला नऊ नंबरचा रकाना ‘दान करण्याचे कारण’ असा आहे. मी तो कोरा ठेवला होता. कारकून म्हणाला, कोरा चालत नाही, सगळे जण ‘प्रेमापोटी’ लिहितात, तुम्हीही लिहून टाका. मी लिहिले: ‘ऊतके जुळतात. दात्याची प्रकृती उत्तम आहे.’

३. आत्या कोणताही कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. तिने नवव्या रकान्यापर्यंत वाचले, पेनाला टोपण लावले आणि ती उठली.

४. शुक्रवारी आणि रविवारी मी तिला दोन पत्रे पाठवली. दोन्ही न उघडता परत आली.

५. मंगळवार, ७ जुलै. चार तासांचे डायलिसिस तिने तीन तासांवर थांबवायला लावले. मशीनवर मीच होते.

६. गुरुवार, ९ जुलै. ती आली नाही. चार नंबरची खुर्ची रिकामी राहिली. मशीन मी सात वाजता तयार ठेवले होते, ते साडेअकराला धुऊन बंद केले.

७. डॉक्टरांचे मत लेखी आहे: हातांच्या शिरा संपल्या. मानेत बसवलेली नळी ही शेवटची जागा, ती फार तर सहा आठवडे चालेल. डायलिसिस पूर्ण थांबले तर आठवडे धरायचे नाहीत, दिवस धरायचे.

८. दुरुस्त केलेला अर्ज दोघींच्या सह्यांसह सोमवारी, १३ तारखेला द्यायचा आहे. समिती मंगळवारी, १४ला बसेल. त्याआधी शनिवारी, ११ला, सकाळी सात वाजता तिचे पुढचे डायलिसिस आहे.

९. आज शुक्रवार, १० जुलै.

आता मृत्युपत्र.

मी, वय एकोणतीस, धंदा डायलिसिस तंत्रज्ञ, धर्माने ख्रिस्ती, अविवाहित, हे कागद स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, चहाखेरीज कशाच्याही अमलाखाली नसताना लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. रक्तदाब आज सकाळी एकशेदहा-सत्तर. कोणी बळजबरी केलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

एकोणतिसाव्या वर्षी मृत्युपत्र कशाला, असे कोणी विचारेल. कागदोपत्री कारण: मूत्रपिंड देणाऱ्या दहा हजार माणसांत सुमारे तीन दगावतात. धोका लहान आहे, पण शून्य नाही, आणि शून्य नसलेल्या गोष्टीची तयारी ठेवणे हेच माझे काम आहे. खरे कारण: माझी आत्या पत्रे परत पाठवते, पण मृत्युपत्र कधीच परत पाठवत नाही.

ही आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या चर्चच्या मंडळीच्या आवारात बरे न होणाऱ्या माणसांसाठी बारा खाटांचा आश्रम आहे, तो तिने एकतीस वर्षे चालवला. मी सहा वर्षांची असताना आईवडील एकाच अपघातात गेले आणि औषधांच्या कपाटाशेजारी तेरावी खाट आली. आश्रमात ज्याला लिहिता येत नाही त्याचे मृत्युपत्र आत्या लिहून घेत असे. तिच्या पद्धतीला वकील हसतील, पण मला दुसरी येत नाही. आधी घडले ते आकडे घालून लिहायचे, कारण ती म्हणे, मरणाऱ्याला फाटे फोडायला वेळ असतो, वाचणाऱ्याला नसतो. मग वस्तू. मग रुसवे, कारण रुसवा माळ्यावर ठेवून गेलात तर तो दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. आणि सगळ्यात शेवटी उत्तराची जागा. ज्याला काही ठेवले त्याने हवे की नको ते ठरल्या दिवसापर्यंत कळवायचे. न विचारता दिलेली वस्तू म्हणजे ओझे. पाच नंबरच्या आजोबांनी मुलासाठी चष्मा ठेवला होता. मुलाचे उत्तर आले, ‘नको.’ आत्याने ते त्यांना वाचून दाखवले. आजोबा म्हणाले, “बरं झालं. कळलं तरी.”

हे मृत्युपत्र त्याच पद्धतीने आहे.

कलम १. घर. दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या वडिलांकडून माझ्याकडे आल्या. त्या मी आश्रमातल्या रुग्णांना भेटायला लांबून येणाऱ्या नातेवाइकांच्या मुक्कामासाठी ठेवते. जिन्याची तिसरी पायरी हलते. मी सात वर्षे ती ओलांडूनच चढते आहे. इतरांची यंत्रे तत्काळ दुरुस्त करणाऱ्या बाईच्या घरातली पायरी हलते, यावर जे बोलायचे ते शेजारणी बोलून झाल्या आहेत. माझ्यामागे ती आधी बसवून घ्यावी.

कलम २. शिल्लक. बँकेत जे असेल ते डायलिसिस विभागाच्या पाण्याच्या प्लांटसाठी. यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

कलम ३. हत्यारे. पाण्यातले क्षार मोजायचे माझे मीटर, स्क्रूड्रायव्हरचा संच आणि कपाळावर बांधायचा दिवा माझ्या हाताखालच्या धाकटीला. तिला सूचना: दोन नंबरच्या मशीनच्या पडद्यावर विश्वास ठेवू नकोस, ते तापमान अर्धा अंश जास्त दाखवते. रुग्ण ‘थंडी वाजते’ म्हणाला तर आधी रुग्णाचे खरे मान. हे मला शिकायला दोन वर्षे लागली. तू दोन दिवसांत शीक.

मोठा पाना थेंबकाकांना द्यायचा होता. थेंबकाका म्हणजे इस्पितळाचे आणि आश्रमाचे प्लंबर. कुठेही थेंब गळत असला की त्यांना झोप लागत नाही, म्हणून हे नाव. पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला यातून काही घेता येत नाही. म्हणून पाना मी त्यांना कालच देऊन टाकला. ते म्हणाले, “पोरी, तू मरायला निघालीस की लग्नाला? वाटप तर दोन्हीसारखं चाललंय.”

कलम ४. आईचा फोटो, तिची शिवणाची कात्री आणि माझी सायकल आश्रमातल्या स्वयंपाकीणबाईंना. कात्रीला धार आहे. सायकलला ब्रेक आहेत, पण पुढचाच.

कलम ५. देह. शस्त्रक्रियेत मी गेले तर डोळे आणि जे जे चालेल ते द्यावे. तिथेही कारणाचा रकाना असेल. तो मंडळीच्या पाळकसाहेबांनी भरावा. तेच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करतील.

अंत्यविधीला त्यांनी माझ्याबद्दल ‘सेवाभावी’ हा शब्द वापरू नये. मागे एकदा पाण्याचा प्लांट मी सलग तीन दिवस राबून सुरू केला, तेव्हा त्यांनी उपासनेत मला उभे करून ‘सेवेचा आदर्श’ म्हटले होते. मंडळीने टाळ्या वाजवल्या. आत्या पहिल्या बाकावर होती, तिने वाजवल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाली, “प्लांट छान केलास. पण तीन दिवसांत सात नंबरच्या खुर्चीवरची बाई तुझ्याशी बोलायला बघत होती, ते पाहिलंस का?” मी पाहिले नव्हते. ती बाई पुढच्या आठवड्यात आली नाही. नंतरही आली नाही.

कलम ६. रुसवे.

पहिला, एक्स-रे विभागातल्या गृहस्थांवर. त्यांनी मला लग्नाचे विचारले होते आणि चार महिन्यांनी स्वतःच मागे घेतले. “तुमच्याशी बोलताना कुणीतरी आपलं रीडिंग घेतंय असं वाटतं,” असे ते म्हणाले. हा रुसवा सोडते. रीडिंग बरोबर होते.

दुसरा आणि शेवटचा, आत्यावर.

आश्रमाच्या भिंतीवर तक्ता असे. एक ते बारा खाटांपुढे औषधे, अंघोळी, कुशी बदलायच्या वेळा. तेरा नंबरपुढे: दूध सहा, अंघोळ साडेसहा, पाढे सात. ती मला तेरा म्हणूनच हाक मारी. अजूनही मारते. शाळेत मुलींनी विचारले, हे काय नाव, तर मी सांगितले, आमच्याकडे सगळ्यांना नंबर असतात. ते खोटे नव्हते.

दर शनिवारी ती सगळ्यांचे पाय धुवायची. गरम पाणी, साबण, बोटांच्या मधल्या जागा पुसून कोरड्या करायच्या. एकापासून सुरू करून माझ्यावर संपवायची. बाराजणांचे पाय धुताना तिची बडबड चाले: काय हो, ही नखं आहेत की कुदळी, सूनबाईचं पत्र आलं का, काल कुणाचं पुडिंग पळवलंत. माझे धुताना ती गप्प असायची. मला वाटे, दमली असेल.

बारावी झाल्यावर मी कपाटातल्या आश्रमाच्या जुन्या वह्या काढून वाचल्या. रोज एक पान, तेरा ओळी, शेवटी शेऱ्याचा रकाना. तिच्या बारीक अक्षरात: ‘तीन नंबर: आज मुलाचं नाव आठवलं.’ ‘आठ नंबर: दुखतंय पण सांगत नाहीत, चादर मुठीत धरतात.’ ‘अकरा नंबर: खिडकीकडे तोंड हवं.’ तेराव्या ओळीचा शेरा कोरा. पुढचे पान, कोरा. मी अनेक वर्षांच्या वह्या पाहिल्या. मला गोवर झाला तो आठवडा पाहिला. मी पहिली आले तो दिवस पाहिला. सगळीकडे कोरा.

त्या दिवशी मी ठरवले की जिथे प्रत्येक गोष्ट आकड्यांत नोंदवतात अशा कामात जायचे. गेले. तीन वर्षांपूर्वी आत्याची मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा तिला आणले त्याच इस्पितळात मी तंत्रज्ञ होते. तेव्हापासून चारशे एकसष्ट वेळा मी तिला मशीनला जोडले आहे. प्रत्येक वेळची नोंद पूर्ण आहे.

कलम ७. डावे मूत्रपिंड.

मृत्युपत्रात जिवंतपणीची देणगी बसत नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहिते. वस्तूचा तपशील: लांबी १०.६ सेंटीमीटर, धमनी एकच, सर्जनच्या दृष्टीने सोपे. वापर एकोणतीस वर्षे. दोष नाही. ही वस्तू मी माझ्या आत्याला ठेवते.

येथून पुढे ‘तू’ लिहिते, आत्या. ‘सदर व्यक्ती’ वगैरे मला जमते, पण आज वेळ कमी आहे.

मंगळवारी मशीन सुरू होऊन दोन तास झाले होते. तू छताकडे पाहत होतीस. मी म्हटले, “आत्या, सही कर.”

“कशावर? पंपाच्या ऑर्डरवर?”

“शस्त्रक्रियेची तारीख जाईल.”

“जाऊ दे. तारखांना काय, कॅलेंडरभर आहेत.” मग तू माझ्याकडे वळलीस. “अगं, एकतीस वर्षं माझ्याकडे माणसं सेवा करायला यायची. कुणाला पुण्य हवं होतं, कुणाला प्रमाणपत्र, कुणाला घरातून दोन तास सुटका. मी किती जणांना परत पाठवलं, तू पाहिलंयस. लघवीचं भांडं उचलायला दोन हात लागतात, ते कुणालाही असतात. पण उचलणाऱ्याच्या पोटात प्रीती नसली की पडलेल्या माणसाला कळतं. लगेच कळतं. तो दुसऱ्या दिवसापासून पाणी कमी प्यायला लागतो, भांडं मागावं लागू नये म्हणून. आणि आता या वयात मी तसलंच दान घेऊ? ऊतके जुळतात म्हणून?”

“जुळतात. सहापैकी चार.”

“माझी चप्पलही जुळते तुला.”

पाच नंबरच्या खुर्चीवरच्या मास्तरीणबाई हसल्या. मी हसले नाही.

“मग काय लिहायला हवं होतं? कारकुनाने सांगितलं ते?”

“खरं असेल ते.”

“मी खरंच लिहिलं.”

“हो ना. ते खरं आहे, म्हणून तर मी घेत नाहीये.”

तेव्हा मी वह्यांचे बोलले. इतकी वर्षे बोलले नव्हते ते, अंगात गणवेश आणि हातात कात्री असताना बोलले. “तू कुठे लिहिलंस? बाराजणांचं लिहिलंस. कुणाला खिडकी हवी, कुणाला उशी. मी सोळा वर्षं त्या घरात होते. माझ्यापुढे एक शब्द नाही.”

तू म्हणालीस, “शेरा मी विसरेन त्याचाच लिहायची, तेरा.”

आणि मशीनचा अलार्म वाजला.

मी अलार्मकडे वळले. एक नळी तुझ्या कोपराखाली दुमडली होती. ती सरळ करायला मला चार सेकंद लागले. मग मी दाब पाहिला. मग तो लिहून ठेवला. लिहून ठेवायची गरज नव्हती. मग दुसऱ्या नळीचा जोड तपासला, त्याचीही नव्हती. तुझ्याकडे पाठ करून मी दीड मिनिट काम केले. वळले तेव्हा तू डोळे मिटले होतेस.

“काढ मला.”

“अजून एक तास आहे.”

“तेरा, काढ.”

नकार हा रुग्णाचा अधिकार आहे. मी नियमाप्रमाणे काढले. ‘स्वेच्छेने उपचार थांबवला’ या फॉर्मवर तुझी सही घेतली. हो, त्या वेळी मी तुझी सही घेतली. तू तो फॉर्मही वाचलास.

गुरुवारी तू आली नाहीस म्हणून बारा वाजता मी आश्रमात आले. तुझ्या खोलीबाहेर उभी राहिले.

“आत्या, पोटॅशियम वाढेल.”

आतून तू म्हणालीस, “वाढू दे. कशात तरी वाढ होतेय.”

“दार उघड.”

“उघडंच आहे.”

ते उघडे होते, हे मला तुझ्याआधी माहीत होते. आश्रमातल्या एकाही दाराला आतून कडी नाही. सहा नंबरच्या आजी न्हाणीघरात पडून अडकल्या होत्या, तेव्हा सगळ्या कड्या मीच काढल्या आहेत, याच स्क्रूड्रायव्हरने. मी त्या दाराबाहेर एकोणीस मिनिटे उभी होते. ढकलले असते तर उघडले असते. मी ढकलले नाही. आत आले असते तर मला बोलावे लागले असते, आणि मला बोलता येत नाही. मला लिहिता येते, तेही कलमे पाडून. मग मी इस्पितळात परत गेले आणि सगळ्या मशीनची वेळेआधीच तपासणी केली. सगळी मशीन उत्तम आहेत.

कलम ८. श्रद्धा. मृत्युपत्रात हे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. मी बाप्तिस्मा घेतलेली, मंडळीची सभासद आहे. शेवटच्या बाकावर बसते, कारण तिथला पंखा कुरकुरतो आणि त्याला तेल मीच घालते. मी आयुष्यभर तुझे ऐकले की प्रीती हा पाया आहे, विश्वास आणि सेवा या वरच्या भिंती. मला पाया कधी दिसला नाही. पाया दिसत नसतोच, असे तू म्हणणार. मान्य. पण मी तंत्रज्ञ आहे, न दिसणारी वस्तू मी मोजून पाहते, आणि ही मोजता येईना, म्हणून मी धरून चालले की माझ्यात ती नाही.

परवापासून एक विचार डोक्यातून जात नाही. ज्याने क्रुसावर आपल्यासाठी स्वतःला देऊन टाकले, त्याला जर आमच्या समितीपुढे बसवले असते आणि नऊ नंबरचा रकाना पुढे केला असता, तर त्याने काय लिहिले असते? मला वाटते, त्याने काहीच लिहिले नसते. कारकुनाने कोरा चालत नाही म्हणून परत पाठवले असते. तो परत गेला नसता, एवढे मला कळते.

मी अर्ज आधी कोरा ठेवला होता, याची कृपया नोंद घ्यावी.

कलम ९. दुरुस्ती.

आश्रमाचा एक नियम होता. सेवेला येणाऱ्या नव्या माणसाने पहिला आठवडा कशालाही हात लावायचा नाही. एका खाटेशेजारी स्टूल घेऊन नुसते बसायचे. आठवड्याने तू एकच प्रश्न विचारायचीस: “यांना हसू कशाचं येतं?” औषधे विचारायची नाहीस, आजार विचारायची नाहीस. ज्याला सांगता येई त्याला दुसऱ्या दिवशी भांडे उचलायला मिळे. ज्याला येत नसे त्याला तू चहा पाजून परत पाठवायचीस. एक जण पदवीधर होता, भांडायला लागला, “ताई, तुम्ही सेवा घेताय की परीक्षा?” तू म्हणालीस, “चहा घ्या, बिस्कीट पण घ्या.”

मला तू हा प्रश्न कधी विचारला नाहीस. मी सहा वर्षांची आले, थेट तक्त्यावर लागले. तरी उत्तर देते.

तुला हसू येते रक्तदाबाचा पट्टा हवा सोडताना भलता आवाज करतो तेव्हा, आणि समोर मोठे डॉक्टर असले तर जास्त. तू हाताने तोंड झाकतेस आणि माझ्याकडे बघत नाहीस, कारण बघितलेस तर आवाज फुटेल.

थेंबकाका उपासनेत वरचा सूर लावायला जातात आणि तो लागत नाही तेव्हा. दर रविवारी. ते प्रयत्न सोडत नाहीत, याचे तुला जास्त हसू येते.

कोणी “तब्येत छान दिसतेय हं” म्हणाले की.

नऊ नंबरच्या बाबांना पुरताना पाळकसाहेबांचा चष्मा खड्ड्यात पडला आणि त्यांनी पुढची प्रार्थना आठवणीने म्हणताना भलत्याच माणसाला स्वर्गात पाठवले. तू खोकल्याचे नाटक करत भिंतीमागे गेलीस. मी दहा वर्षांची होते. पाणी घेऊन मागे आले, तर तू भिंतीला टेकून रडेपर्यंत हसत होतीस. मला जवळ ओढून म्हणालीस, “तेरा, कुणाला सांगू नकोस हं.” मी आजवर कुणाला सांगितले नाही. येथे लिहिले आहे, तेवढ्यापुरता नियम मोडला.

आणि मी चमचे मापाने लावून ठेवते, ते पाहून. तेव्हा तू आवाज न करता हसतेस. मी पाठमोरी असते, पण कपाटाच्या काचेत दिसते.

अजून सात आहेत. जागा नाही.

हे मला कोणी मोजायला सांगितले नव्हते. तुझे वजन, दाब, पोटॅशियम हे कामाचा भाग आहे. हे नव्हते. हे माझ्याकडे कधीपासून साठत आले, मला सांगता येत नाही, कारण याची नोंद मी कधीच ठेवली नाही. लिहून ठेवायची गरज पडली नाही.

दुरुस्त अर्ज सोबत जोडला आहे. नऊ नंबरच्या रकान्यात मी नवे कारण लिहिले आहे: ‘यांना हसू कशाचे येते, ते मला माहीत आहे.’ कारकुनाला हे कारण वाटणार नाही. तो आठवडाभर स्टुलावर बसलेला नाही. डॉक्टर म्हणाल्या, समितीशी त्या बोलतील.

कारकुनाचा शब्द मी अजूनही लिहिलेला नाही. तो खोटा आहे म्हणून नव्हे. तो सगळ्यांचा आहे.

आत्या, मला भीती वाटते आहे. शस्त्रक्रियेची नाही, तिथे आकडे माझ्या बाजूने आहेत. शनिवारी सात वाजता चार नंबरची खुर्ची रिकामी राहील, याची. मी मशीन लावून बसेन आणि साडेअकराला ते धुऊन ठेवावे लागेल, याची. तू गेलीस तर मला तेरा म्हणणारे जगात कोणी उरणार नाही. मला दुसरे नाव आहे, कागदांवर आहे. त्या नावाने मला कोणीही हाक मारू शकते.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, पुरते पाच कागद लिहून खाली सही केली.

सही: (तेरा)

साक्षीदार पहिले: थेंबकाका, प्लंबर. यांना मजकूर वाचून दाखवला. सुराबद्दलच्या मजकुराला त्यांची हरकत आहे. ती येथे नोंदवली. सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: मूत्रपिंड विभागाच्या डॉक्टर. लिहिणारी शुद्धीवर आहे, असा दाखला देतात. सही करताना म्हणाल्या, “अगं, हे मृत्युपत्र आहे की आत्याची तक्रार?” मी म्हटले, दोन्हीचा नमुना एकच आहे. सही केली.

स्थळ: डायलिसिस विभाग, पाण्याच्या प्लांटमागची खोली.
दिनांक: शुक्रवार, १० जुलै. दुपारी चार वाजता.

उत्तराची जागा

थेंबकाका हा कागद आणून देतील आणि उत्तर मिळेपर्यंत तुझ्या दारात बसतील. त्यांना उठवू नकोस, गुडघ्यामुळे त्यांना वेळ लागतो. खाली दोन ओळी आखल्या आहेत, हवे आणि नको. एकीवर खूण कर. ‘नको’ असेल तर तेही कळव, पाच नंबरच्या आजोबांना कळले तसे. ‘हवे’ असेल तर अर्जावर सही कर आणि उद्या ये. मशीन साडेसहाला तयार असेल. ‘नको’ असेल तरी साडेसहाला तयार असेल.

हवे: ______

नको: ______

आत्या, उत्तर शनिवारी, ११ जुलैला, सकाळी सातपर्यंत दे.